आंबा, खुर्ची, रुपया

१ ऑगस्ट, शुक्रवार

परीक्षेला चार महिने राहिले. आज गुप्ते मॅडमनी मानसोपचार एम.डी.च्या तिसऱ्या वर्षाच्या आम्हा दोघांना, मला आणि सर्वेशला, त्यांच्या खोलीत बोलावलं. म्हणाल्या, "पेपर तुम्ही लिहाल. प्रॅक्टिकलला मार खाल. मनात इंग्रजी प्रश्न तयार करता आणि त्याचं भाषांतर रुग्णाच्या अंगावर टाकता. त्याला वाटतं, कोर्टातून कुणी आलंय."

सर्वेश म्हणाला, "मॅडम, मी इथे दिवा स्टेशनजवळ वाढलोय. मला भाषांतर लागत नाय."

"तू विचारतोस कुठे? तू सांगतोस."

त्याने ते मान्य केलं. हे क्वचित होतं.

मॅडमचा उपाय असा: मानसिक स्थितीची तपासणी रोज कुणावर तरी करायची. आई, वडील, वॉचमन, मेसवाला, कुणीही धडधाकट माणूस. निरोगी उत्तर कसं येतं, किती वेळाने येतं, हे कानात बसलं की बिघडलेलं आपोआप खटकतं.

ही डायरी त्यासाठी नाही. तपासण्या लॉगबुकात जातील, तिथे मॅडमची सही लागते. इथे सही लागत नाही.

३ ऑगस्ट, रविवार

डोंबिवलीला घरी आले. बाबांपासून सुरुवात केली. त्यांच्याइतका धडधाकट माणूस माझ्या ओळखीत नाही. रंगाच्या कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरी केली, आयुष्यभर मिलिग्रॅममध्ये मोजलं. निवृत्त झाल्यावर सोसायटीच्या गेटजवळचा फळा त्यांनी आपणहून अंगावर घेतला. रोज सकाळी खडूने वार, तारीख, तिथी आणि खाली एक सुविचार. संकष्टीला चंद्रोदयाची वेळ. ती बघायला समोरच्या बिल्डिंगमधल्या बायकाही आमच्या गेटवर येतात.

बाबा सोफ्यावर, आई शेजारी गवार मोडत बसलेली.

"बाबा, तीन शब्द सांगते. आत्ता म्हणा, थोड्या वेळाने परत विचारीन. आंबा, खुर्ची, रुपया."

"आंबा, खुर्ची, रुपया. खुर्चीत बसून रुपयाला आंबा. कुठल्या सालातली तपासणी आहे ही?"

शंभरातून सात वजा करत जायला सांगितलं. त्र्याण्णव, शहाऐंशी. मग म्हणाले, "उरलेली गणितं विद्यार्थ्यांनी घरी सोडवावीत." तारीख विचारली तर आईकडे बघून हसले. आई म्हणाली, "अहो, सांगा की. तीन." मी आईला गप्प केलं. शेवटी तीन शब्दांपैकी दोन आले. तिसरा आईने नुसते ओठ हलवून सांगितला. मी पाहिलं. बालवाडीच्या मुलाखतीला मुलाला घेऊन आलेल्या बाईसारखी दिसत होती.

तीसपैकी सव्वीस. शेरा: सहकार्य चांगलं, विनोदबुद्धी शाबूत, नातेवाईक फार बोलतात.

१७ ऑगस्ट, रविवार

आज मी शब्द सांगायच्या आधीच बाबा म्हणाले, "आंबा, खुर्ची, रुपया." आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. आईला विचारलं, कुठे बाहेर जायचंय का. म्हणाली, "नाही गं. तू येणार म्हणून."

तारीख बरोबर, वार बरोबर, महिना बरोबर. पाठोपाठ, मी विचारायच्या क्रमाच्याही पुढे. मग निर्णयशक्तीचा जुना प्रश्न: रस्त्यात तिकीट लावलेलं, पत्ता लिहिलेलं पाकीट सापडलं तर काय कराल?

"उघडून वाचीन."

"बाबा!"

"अगं, हल्ली पत्र लिहिणारा माणूस आहे कोण, ते कळायला नको?"

हा प्रश्न सर्वेशने दिव्याच्या एका पोराला विचारला होता. तो म्हणाला, पाकीट म्हणजे काय, वेफरचं? मॅडमना सांगितलं तेव्हा त्या पहिल्यांदा मोठ्याने हसल्या. पुस्तकातले प्रश्न म्हातारे झालेत, आपण अजून तेच विचारतोय, म्हणाल्या.

एकोणतीस गुण. दुपारी जेवणात जिलबी होती. कशाबद्दल, विचारलं. आई म्हणाली, सहज.

२८ ऑगस्ट, गुरुवार

आमचा दीड दिवसाचा गणपती. एका रात्रीची सुट्टी मिळाली. विसर्जनाच्या आरतीला शेजारपाजारचे जमले होते. आरती संपली, आणि बाबांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. क्षणभर कुणाला काही कळेना. मग आईने झांजा उचलल्या आणि त्यांच्या सुरात सूर मिसळला, मग सगळ्यांनीच. वरच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "विश्रामरावांना बाप्पा सोडवत नाहीये या वर्षी."

मला बरं वाटलं. बाबा पूर्वी आरतीत घड्याळ बघायचे.

१४ सप्टेंबर, रविवार

उद्याच्या सेमिनारचा विषय मिळालाय: मानसिक तपासणीवर संस्कृतीचा परिणाम. आपण ज्याला चूक म्हणतो ते त्या माणसाच्या जगात बरोबर असू शकतं, असा मुद्दा. उदाहरण हवं होतं, ते बाबांनीच दिलं.

"आज तारीख काय?"

"तारीख इंग्रजांची. तिथी विचार."

"बरं, तिथी."

"भाद्रपद शुद्ध द्वादशी."

ताडकन. मी त्यांच्याकडे बघतच राहिले. मला माझ्या जन्माची तिथीसुद्धा माहीत नाही. आई स्वयंपाकघरात होती, उद्याच्या नवमीच्या श्राद्धाची तयारी करत. ती दारात आली, काहीतरी म्हणणार होती, पण बाबांचा चेहरा फुललेला बघून आत गेली.

पूर्ण गुण दिले. सेमिनारमध्ये हे सांगणार: माझ्या मापात न बसणारं उत्तर माझ्या मापापेक्षा मोठं असू शकतं. वाक्य चांगलं आहे.

बाबा म्हणाले, "तुझं नाव उत्तरा ठेवलं मी. उत्तरं तुझ्याकडे असायची, आणि विचारतेस मला."

१५ सप्टेंबर, सोमवार

सेमिनार चांगला झाला. तिथीचं उदाहरण सगळ्यांना आवडलं. मॅडमनी फक्त "हं" केलं. त्यांच्या "हं"चे अर्थ लावण्यात माझी तीन वर्षं गेली.

५ ऑक्टोबर, रविवार

घरी. येताना फळा बघितला. अक्षर वेगळं वाटलं. बाबांचा र वरून सुरू होतो, हा खालून होता. आईला विचारलं. म्हणाली, "हात दुखतो त्यांचा. मी लिहिते कधी कधी." हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, म्हटलं. हो म्हणाली.

आई वाळली आहे. कल्याणच्या मावशीच्या नातवाचं बारसं होतं, तिथेही गेली नाही. घर सोडवत नाही, म्हणते. वयाने माणूस घरकोंबडा होतो. तिला म्हटलं, तू स्वतःसाठी काहीतरी कर, भजनाचा क्लास परत सुरू कर. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "तुझी परीक्षा होऊ दे."

माझ्या परीक्षेचा आणि तिच्या भजनाचा काय संबंध?

१२ ऑक्टोबर, रविवार

आज शब्द बदलले. तेच तेच वापरले तर पाठ होतात, हे मला आधीच सुचायला हवं होतं. चिमणी, लिंबू, घड्याळ.

बाबांनी नीट ऐकलं. "म्हणा," म्हटलं.

"आंबा, खुर्ची, रुपया."

"नाही बाबा, आज वेगळे आहेत. चिमणी, लिंबू, घड्याळ."

"हो. आंबा, खुर्ची, रुपया," बाबा ठासून म्हणाले. मग आईकडे बघून हसले. मला हसू आवरेना. इतका वेळ चेहरा गंभीर ठेवून माझी टिंगल चालली होती. मीही पेन खाली ठेवलं. आज गुण नाहीत, म्हटलं, आज तुम्ही परीक्षकाला नापास केलंत.

आई मात्र हसली नाही. "पुरे आता ते," म्हणाली. "दर रविवारी काय मेलं तेच. बापाशी दुसरं बोलायला नाही का काही?" आणि आत जाऊन भांडी आपटत बसली.

हिचं काय बिनसलंय? विचारायला हवं. पण विचारलं की म्हणते, काही नाही.

२६ ऑक्टोबर, रविवार

दिवाळीचे दोन दिवस ड्युटीत गेले. आज घरी. सकाळी बाबा पाव आणायला गेले ते पाव संपतील इतक्या वेळाने आले, आणि पाव नव्हतेच. हातात खडूचा डबा. आई म्हणाली, कुणीतरी भेटलं असेल. बाबा म्हणाले, "हो, भेटलं." कोण, ते सांगितलं नाही.

तपासणी घेतली नाही. म्हणींचं थोडं केलं. "नाचता येईना अंगण वाकडे" याचा अर्थ काय, विचारलं.

"आधी अंगण दाखव. डोंबिवलीत कुणाकडे आहे अंगण?"

सर्वेशला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "तुझे बाबा भारी आहेत यार. माझा बाप असता तर बोलला असता, तू नाच, मी बघतो."

१२ नोव्हेंबर, बुधवार

आज केस कॉन्फरन्स. माझी केस: काळुराम, वय सत्तरच्या आसपास, बाळकुमच्या जुन्या गावठाणातला. सगळं आयुष्य खाडीवर मासेमारीत गेलं. आता तिथे टॉवर झालेत. विसरतात, म्हणून बायको घेऊन आली.

मी मांडणी केली. तारीख सांगता आली नाही, पण खाडीला उधाण आहे असं लगेच सांगितलं. रुग्णाचं कॅलेंडर पाण्याचं आहे, म्हणून काळाचं भान मी शाबूत धरलं. सेमिनारमधलं वाक्यही घातलं, मापापेक्षा मोठ्या उत्तराचं.

मॅडमनी काळुरामना आत बोलावलं. बायको मागच्या खुर्चीवर बसली.

"दादा, आज पाणी कसं आहे खाडीला?"

"उधान. मोटा उधान." असं म्हणून त्यांनी मान मागे वळवली. बायको पदराशी चाळा करत खाली बघत होती.

"मावशी, तुम्ही सांगा."

"मी नाय बोलाची. ह्या डाक्टरनीन मना गप बसाला सांगलाय."

खोलीत हशा पिकला. मीही हसले.

"मी सांगते ना, बोला."

"उधान कुटला, बाय? आज आटवी. भांगाचा कमी पानी. पानी चढतंय तरी का? उधान पुनवेला नि अवसेला." मग नवऱ्याकडे बघून हळू म्हणाली, "ह्यांना सगल्यांत जास्त ठाव होता."

ते दोघं बाहेर गेल्यावर मॅडम म्हणाल्या, "उत्तरा, तू खाडी बघून आली होतीस?"

"नाही, मॅडम."

"कुणाला विचारलंस?"

"नाही."

"मग बरोबर कसं धरलंस?"

मी माझ्या कागदावरचं तेच वाक्य परत वाचलं.

"उत्तर आपल्या ओळखीचं नसलं, ऐकायला छान असलं, की आपण गुण देऊन मोकळे होतो. वर त्याला आदर म्हणतो. मला तो आळस वाटतो. तिथी सांगितली तर पंचांग उघड. उधाण म्हणाला तर खिडकीतून बघ. माणसाच्या जगाचा मान ठेवायचा तर त्या जगात जाऊन तपासायला हवं."

मग विचारलं, "मान कुणी बघितली?"

उत्तर मॅडमनीच दिलं. स्मरणशक्ती जायला लागली की माणूस प्रश्न विचारणाऱ्याकडे बघत नाही, सोबत आलेल्याकडे मान वळवतो. माणूस हुशार असेल तर मान वळवताना हसतो, विनोद करतो. आणि जोडीदार जुना असेल तर मान वळायच्या आत उत्तर देऊन मोकळा होतो. म्हणून जोडीदाराला गप्प करायच्या आधी त्याच्याकडे नीट बघा.

वहीत उतरवून घेतलं. सर्वेशने बाजूला चांदणी काढली, परीक्षेला विचारतात म्हणे.

या रविवारी घरी जाणार नाही. उजळणी राहिली आहे.

१५ नोव्हेंबर, शनिवार

जेवताना सर्वेशला सहज विचारलं, भाद्रपद शुद्ध द्वादशी कधी असते.

"गणपती असतात तेव्हा. वामन जयंती. आमच्या गावाला पूजा असते. का गं, मुहूर्त काढतेस कोणाचा?"

"पितृपक्षात नाही येत?"

"पक्ष म्हणजे वद्य. गणपती गेले की वद्य. तू ठाण्यात राहतेस की लंडनला?"

मेसच्या भिंतीवर कॅलेंडर आहे. गेलेल्या महिन्यांची पानं मागे दुमडलेली असतात. सगळे उठेपर्यंत थांबले. मग सप्टेंबर काढला. चौदा तारीख: भाद्रपद वद्य अष्टमी.

तिथीत कुणीही चुकतो.

१६ नोव्हेंबर, रविवार

चुकतो. पण ज्याने दहा वर्षं फळ्यावर तिथी लिहिली तो पक्षाच्या पंधरवड्यात, घरात श्राद्धाचा तांदूळ निवडला जात असताना, शुद्ध म्हणणार नाही.

आंबा, खुर्ची, रुपया. माझी टिंगल नव्हती ती.

आज दिवसभर नैराश्यावरच्या औषधांची उजळणी केली.

२२ नोव्हेंबर, शनिवार

पेपर चालू आहेत. आईला फोन केला. बाबा कसे आहेत, विचारलं.

"बरे आहेत."

"आई, बाबांना..."

"परीक्षा कधी संपते?"

"दोन डिसेंबर."

"मग संपू दे."

"आई, मी काय विचारतेय ते तुला कळलंय का?"

मागे बाबांचा आवाज आला, "कोण आहे? उत्तरा का? तिला सांग, मी तयार आहे."

"जेवलीस का?" आईने विचारलं आणि फोन ठेवला.

मला घरी जायची भीती वाटते आहे. अभ्यासाचं कारण खरं आहे. ते खरं आहे याचं बरं वाटतं, हे जास्त वाईट. मॅडमना सांगावं म्हणून दोनदा त्यांच्या दारापर्यंत जाऊन परत आले. काय सांगू? तीन महिने दर रविवारी एक रुग्ण तपासला आणि तो निरोगी माणसाचा नमुना म्हणून वापरला?

२ डिसेंबर, मंगळवार

प्रॅक्टिकल झालं. मुख्य केस खडवलीची, एकवीस वर्षांची मुलगी. दाराच्या कडीला हात लागला की पुन्हा आंघोळ. तिच्याशी नीट बोलले. भाषांतर झालं नाही. "कडी लावलेली दिसली की काय होतं गं?" एवढंच विचारलं, आणि ती बोलत गेली.

तोंडीला बाहेरून आलेले परीक्षक होते. शेवटचा प्रश्न: विसरणाऱ्या रुग्णाच्या वतीने पत्नीच उत्तरं देते आहे, काय कराल?

पुस्तकातलं उत्तर तयार होतं: पत्नीला बाहेर बसवून रुग्णाला एकट्याला तपासेन. ते म्हटलंही. परीक्षक मान हलवून पुढे जाणार, तेवढ्यात मी म्हणाले, "त्याच्या आधी तिला विचारीन, तू कधीपासून उत्तरं देते आहेस."

परीक्षकांनी पेन टेबलावर ठेवलं. "बरं. आणि?"

"आणि ती सांगेपर्यंत थांबेन."

बाहेर सर्वेश उभा होता. "कसं गेलं?" म्हणाला. मी म्हटलं, चांगलं. "मग रडतेस काय? मी तर सगळं चुकून आलेलो, मी रडतोय का?" मग त्याने चहा आणला.

५ डिसेंबर, शुक्रवार

घरी आले. बाबा दुपारचे झोपले होते. आई स्वयंपाकघरात ओट्याशी. मी स्टूल ओढून बसले.

"कधीपासून?"

आईने गॅस बंद केला. "मागच्या गुढीपाडव्याला फळ्यावर तीन दिवस एकच वार होता. म्हणजे लोकांना तेव्हा दिसलं. मला त्याच्या आधी. पोस्टात सही करायला गेले आणि मला विचारलं, आडनाव जोडून लिहायचं का."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू तपासत होतीस की." तिच्या आवाजात राग नव्हता. "दर रविवारी. मला वाटलं, तुला दिसत असेल. तू त्यातली डॉक्टर. मग तू एकोणतीस गुण दिलेस. मला वाटलं, मीच उगाच घाबरते. यांनीही तेच म्हटलं. बघ, उत्तरा म्हणते मी ठीक आहे. खाली जाऊन जिलबी आणली आम्ही."

मी विचारलं, "उत्तरं तू सांगायचीस?"

"शनिवारी. संध्याकाळी ते म्हणायचे, घे माझा अभ्यास, उद्या मुलगी येणार. तारीख, वार, तुझे ते तीन शब्द. तासभर घोकायचे. सकाळी परत एकदा म्हणून दाखवायचे." तिने पदराने ओटा पुसला, जो आधीच पुसलेला होता. "त्यांना पास व्हायचं होतं गं. तुझ्या हातून. मग तू शब्द बदललेस."

"आई, मी..."

"तुला कसं सांगायचं ते मला कळेना. परीक्षेच्या तोंडावर. आणि तू वही घेऊन बसलीस की यांच्याकडे बघतच नव्हतीस. लिहीत असायचीस."

बाहेर सोफ्याची कुरकुर ऐकू आली. बाबा उठले होते. आई लगेच म्हणाली, "अहो, चहा टाकतेय," आणि मला खूण केली, डोळे पूस.

बाबा दारात आले. मला बघून चेहरा उजळला. मग काहीतरी आठवल्यासारखे ताठ झाले, शर्टाची बटणं चाचपली.

"आंबा, खुर्ची, रुपया," ते म्हणाले.

"बरोबर, बाबा," मी म्हणाले.

मॅडमना फोन केला. सगळं सांगितलं. त्यांनी "हं" केलं नाही. म्हणाल्या, "सोमवारी घेऊन ये. तू टेबलाच्या त्या बाजूला बसायचंस, मुलगी म्हणून. आईलाही आण. तिला मी आधी भेटेन."

७ डिसेंबर, रविवार

सकाळी बाबा म्हणाले, आज फळा मी लिहिणार. आई म्हणाली, मी येते. मी म्हटलं, मी जाते त्यांच्याबरोबर.

निघायच्या आधी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. पहिल्यांदाच असं बघितलं, पाठ करायला.

गेटजवळ थंडी होती. बाबांनी फडक्याने फळा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पुसला, मग खडू मोडून त्याची कड दगडावर घासली. हे हातांना माहीत होतं. वर मध्यभागी श्री काढला. सुंदर अक्षर. मग हात थांबला.

मी काही विचारलं नाही. वॉचमन तिकडे दुधाच्या पिशव्या मोजत होता. बाबांनी खडू बोटात फिरवला, आणि मान माझ्याकडे वळवली. हसले.

"रविवार," मी म्हणाले. "सात डिसेंबर."

त्यांनी लिहिलं. र वरून सुरू झाला.

"मार्गशीर्ष वद्य. संकष्टी."

"ते मला माहीत आहे," बाबा म्हणाले, आणि संकष्टीतल्या ष्ट ला मजबूत पाय दिला. खाली रेघ ओढली. मग पुन्हा थांबले. "आणि चंद्रोदय?"

ते मी बघितलंच नव्हतं. तिथीच्या खाली बारीक अक्षरात असतं, तिथवर नजर गेली नव्हती. समोरच्या बिल्डिंगमधल्या एक बाई रस्ता ओलांडून येत होत्या, वेळ बघायला.

मी मान वळवून वर बघितलं. बाबांनीही. दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत आई उभी होती, टॉवेल वाळत घालता घालता थांबलेली. किती वेळ उभी होती कुणास ठाऊक. तिने आम्हा दोघांकडे बघितलं आणि वेळ सांगितली.